हरीण, हिंग आणि पंचांग

हरणाच्या मागे लागून आजवर कोणाचे भले झालेले नाही, असे माझ्या आईचे ठाम मत आहे आणि त्याच्या पुष्ट्यर्थ ती एका दमात तीन दाखले देते. श्रीराम हरणामागे धावले, तर इकडे पर्णकुटीतून सीता गेली. पंडूने हरणावर बाण सोडला, तर वंश चालवण्यासाठी देवांना बोलावण्याची पाळी आली. दशरथाने तर जनावर डोळ्यांनी पाहिलेही नाही, नुसत्या पाण्याच्या आवाजावर बाण मारला आणि बिचारा श्रावण बाळ गेला. "आणि ही सगळी माणसं तुझ्यापेक्षा बरी धनुर्धारी होती," हे तिचे समारोपाचे वाक्य. त्यावर मला काही बोलता येईना, कारण त्या दिवशी सकाळीच दुकानातले धनुष्य मला अर्धेसुद्धा ओढता आले नव्हते.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. सातवीपर्यंत तिथे शिकून मी आईबाबांबरोबर अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात आलो आणि मॅडिसनच्या पश्चिमेला, डोंगर, मका आणि ओकची झाडे यांच्या सान्निध्यात वाढलो. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणावर बाण रोखणाऱ्याची रवानगी तुरुंगात होते; इथे मात्र पांढऱ्या शेपटीची हरणे इतकी आहेत की ती परसातली भाजी फस्त करतात आणि नोव्हेंबरात निम्मी कचेरी रजेवर जाते. 1934 साली फक्त धनुष्याने हरणे मारण्याचा स्वतंत्र हंगाम याच राज्यात, दोन जिल्ह्यांपुरता, सुरू झाला. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार होत असे, हे बाबांना या निमित्ताने आठवले आणि शिकार आपल्या रक्तातच आहे, असे त्यांनी जाहीर केले. स्वतः बाबांनी आयुष्यात डासापेक्षा मोठे काही मारलेले नाही.

1 जानेवारी 1973 नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे परवान्याआधी शिकारीचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तो मी उत्तम गुणांनी पुरा केला, कारण परीक्षा देणे हे तरी आपल्या रक्तात निश्चित आहे. धनुष्याचे मात्र पुस्तकावर भागेना. दुकानदाराने दोरी ओढायला 60 पौंडांचा जोर लागेल असे लावलेले कंपाउंड धनुष्य हातात दिले. मी जोर लावला, कपाळाची शीर फुगली, एक पाय हवेत गेला, धनुष्य छताकडे वळले आणि दोरी जागची हलली नाही. दुकानदाराने चकार शब्द न काढता स्क्रू फिरवून ते 45 पौंडांवर आणले, जसा चांगला शिंपी गिऱ्हाइकाच्या पोटाकडे न बघता टेप सैल सोडतो. कायद्याने हरणासाठी किमान 30 पौंड लागतात, त्यामुळे निदान कायदा माझ्या बाजूने होता. या धनुष्याची कल्पना मिसुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन या गृहस्थांची, पेटंट 1969 चे. दोन्ही टोकांना वेडीवाकडी चाके असतात; दोरी पूर्ण मागे आली की बहुतेक भार ती चाके उचलतात आणि हातावर जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. आधी जड आणि मग हलके! गृहकर्जात अशी सोय का नाही, असे बाबांनी विचारले.

सरावासाठी मी फोमचे एक पूर्णाकृती हरीण आणून परसात उभे केले. बाबांनी त्याचे नाव मारीच ठेवले. वीस यार्डांवरून, म्हणजे साधारण अठरा मीटरवरून, त्याच्या पुढच्या पायामागे बशीएवढ्या जागेत बाण बसले पाहिजेत, असा दंडक होता. 2023 साली अधिकमास आल्यामुळे श्रावण दोन झाले. ते दोन्ही श्रावण मी रोज संध्याकाळी मारीचावर बाण सोडत असे आणि दिवसभर त्याच्या पाठीवर आईचे पंचे वाळत असत. ऑगस्टअखेर बाण बशीत पडू लागले; एकदा दोन बाण एकाच पंचातूनही गेले, परंतु त्याविषयी घरात बोलायचे नाही असे ठरले आहे.

ज्यांच्या शेतात बसण्याची परवानगी मिळाली, ते वृद्ध शेतकरी पन्नासेक वर्षे धनुष्याने शिकार करत आलेले. त्यांचा सगळा उपदेश दोन शब्दांचा होता: वारा बघ. हरीण डोळ्यांना एक वेळ फसते, नाकाला फसत नाही. सकाळी ऊन चढले की उतारावरची हवा वर सरकते, संध्याकाळी गार होऊन खाली ओघळते, आणि माणसाचा वास तिच्याबरोबर जातो. तो कुठे चालला आहे हे कळावे म्हणून त्यांनी मला एक सुकलेले बोंड दिले. फोडले तर आत आपल्या रुईसारख्या म्हाताऱ्या! लहानपणी कोल्हापुरात जिच्यावर फुंकर मारून आम्ही इच्छा मागत असू, तीच म्हातारी आता माझा घामट वास कोणत्या हरणाच्या नाकात शिरणार आहे, हे दाखवणार होती.

आणि वास तरी साधासुधा होता का? ज्या घरात रोज सकाळी मोहरी, हिंग आणि कढीपत्ता तेलात तडतडतो, त्या घरातून बाहेर पडणारा माणूस वाऱ्याची दिशा बदलली तरी अर्ध्या जिल्ह्याला कळतो. मी बिनवासाचा साबण आणला. कपडे त्यात धुतले, गॅलरीत वाळवले, आणि झाकणाच्या मोठ्या प्लॅस्टिक पेटीत ओकच्या पानांसह बंद करून ती गॅरेजमध्ये, स्वयंपाकघरापासून शक्य तितकी दूर ठेवली. पुस्तकात सांगितलेले सर्व केले. हंगामाच्या आदल्या रात्री पेटी उघडली, तेव्हा आतून डांबराच्या गोळ्यांचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी उभे राहिले. "कपड्यांत पाला पडला होता, तो झाडून टाकला," आई म्हणाली. "आणि कसर लागू नये म्हणून चार गोळ्या घातल्या. बघ, आहे का कोणाला माझ्याशिवाय काळजी?"

कपड्यांचे मी पुन्हा धुऊन निभावले असते. खरा पेच पंचांगाचा होता. हंगाम उघडला शनिवारी, 16 सप्टेंबरला, आणि दोन-तीन दिवसांत गणपती. घरात गणपती असताना जिवाची हत्या करायची नाही, हे मला मान्य होते. गौरी-गणपती झाल्यावर एक शनिवार मिळाला, तोही लगेच येणाऱ्या पितृपक्षाच्या उंबरठ्यावर. पितृपक्षात आजोबा कोणत्या रूपाने येतील याचा नेम नाही, असे आईचे म्हणणे. "पण ते कावळ्याच्या रूपाने येतात ना?" मी विचारले. "अमेरिकेत काय सांगावं," ती म्हणाली. सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी घटस्थापना. मी कालनिर्णय हातात घेऊन बराच वेळ फट शोधत होतो, परंतु आपल्या पूर्वजांनी सण असे गच्च बसवले आहेत की त्यांतून शाकाहारी माणूससुद्धा आडवा निघू शकत नाही.

मिळालेल्या त्या एका शनिवारी मी पहाटे अंधारात झाडावर वीस फूट उंच बांधलेल्या मचाणावर चढलो, पट्टे अंगाभोवती आवळले, पट्ट्याची दोरी खोडाला बांधली आणि श्वास रोखून बसलो. डासांनाही हंगाम उघडल्याची वर्दी गेली होती. उजाडता उजाडता मागे पाला वाजला. एक पाऊल, मग थांबणे, मग दोन पावले. छातीचे ठोके कानांत ऐकू येऊ लागले. मी तसूतसूने मान वळवली, धनुष्य उचलले, आणि पाहिले तर खार. पुढच्या तीन तासांत अशी अकरा हरणे आली आणि ती सर्व खारी होती. बाराव्या वेळी मी मान वळवली नाही, आणि अर्थातच तेव्हा ती मादी होती. तिने नाक वर केले, पुढचा पाय दोनदा जमिनीवर आपटला आणि रागावलेल्या बैलासारखी फुस्स करून, पांढरी शेपटी निशाणासारखी उभारून ती निघून गेली. मी खिशातून म्हातारी काढून सोडली. ती थेट तिच्या मागोमाग गेली.

पितृपक्ष आणि नवरात्र यांवर शेवटी तडजोड निघाली: मचाणावर जाऊन बसायला हरकत नाही, बाण सोडायचा नाही. "नुसतं बघून ये की." मग पितृपक्षातले उरलेले दिवस आणि नवरात्राच्या नऊ माळा असे जवळजवळ महिनाभर मी हात जोडल्यासारखा बसलो आणि हरणांच्या कानावर हे वृत्त कसे गेले कोण जाणे, ती रोज येऊ लागली. बारा यार्डांवर एक मादी आणि दोन पाडसे ओकची फळे कडाकडा फोडत तासभर उभी राहिली. एका पाडसाने मचाणाच्या शिडीला अंग घासले. मला वाटते, त्या दिवसांत मी जेवढे शिकलो तेवढे बाण सोडून शिकलो नसतो. पण हे मी आईला अजून सांगितलेले नाही.

दसऱ्याला माझ्या धनुष्याची यथासांग पूजा झाली. हळद, कुंकू, झेंडू, अक्षता आणि पाच फुटांवरून उदबत्ती. मी दूर उभा राहून फक्त "चाकात हळद नको" एवढे म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी सरावाला उभा राहिलो, तर मारीच दिसेचना. दोरीत बसवलेल्या ज्या बारीक छिद्रातून नेम धरायचा, त्यात एक अक्षत बरोबर मध्यभागी बसली होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत इथे नर माजावर येतात. एरवी रात्रीशिवाय न दिसणारा शिंगाळा नर त्या दिवसांत भरदुपारी मादीचा माग काढत खुळ्यासारखा फिरतो. बारा महिन्यांत शिकाऱ्याला अनुकूल असा हा एकच काळ, आणि नेमकी त्यातच, रविवारी 12 नोव्हेंबरला, नरकचतुर्दशी. पहाटे चारला आईने पाट मांडला. सुवासिक तेल, उटणे, आणि वर्षातून एकदाच बाहेर निघणारा चंदनी साबण. बिनवासाच्या साबणाचा विषय मी काढताच तिने विचारले, "नरकात जायचंय का?" सूर्योदयाच्या अर्धा तास आधी, म्हणजे कायद्याने बाण सोडता येतो त्या मिनिटाला, मी मचाणावर बसलो होतो खरा, परंतु नागरमोथा, चंदन, गुलाब आणि खिशात आईने कोंबलेली चकली यांच्यासह. एवढ्या वासाचा माणूस या जंगलाने आजवर पाहिला नसावा.

आठच्या सुमारास तो आला. आठ टोकांची शिंगे, मान फुगलेली, नाक जमिनीला टेकलेले. वारा त्याच्याकडून माझ्याकडे येत होता, त्यामुळे माझे चंदन माझ्यापाशीच राहिले. माझे गुडघे आपापल्या वेगाने थरथरू लागले. मी धनुष्य ओढले, छिद्रातून पाहिले, पंचवीस यार्ड, आणि सोडला. आता एक हिशेब सांगतो. बाण सेकंदाला साधारण अडीचशे फूट जातो आणि आवाज अकराशे. म्हणजे बाण अर्ध्या वाटेवर पोचण्याआधीच दोरीचा टणत्कार हरणाच्या कानी जातो, आणि हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली दबते. तो दबला. बाण त्याच्या पाठीवरून, पूर्वी जिथे छाती होती त्या जागेतून, सुरेख निघून गेला. नर चार उड्या मारून थांबला, त्याने वळून पाहिले आणि पुन्हा नाक जमिनीला लावून चालू पडला, जणू कोणी चुकीचा दरवाजा ठोठावला होता. बाण मला दीड तासाने मिळाला. त्याच्यावर एक केससुद्धा नव्हता. फराळाच्या वेळी आईने विचारले, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." तिने मला दोन करंज्या जास्त वाढल्या.

मग बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम आला. त्या दिवसांत धनुर्धाऱ्यालाही झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी घालावे लागते; मी नारिंगी निवडले. हरणांना नारिंगी रंग ओळखू येत नाही, माणसांना येतो, आणि गोळी माणसे मारतात. मी दोन दिवस भगवा होऊन बसलो आणि कोणी दिसले नाही.

डिसेंबरच्या मध्यावर, नेहमीपेक्षा पुष्कळ उबदार अशा एका संध्याकाळी, मी ना साबणाचा विचार केला ना पेटीचा. सकाळचे पोहे खाऊन, वारा बघून, ओढ्याच्या पलीकडच्या झाडावर जाऊन बसलो. साडेतीनला एक मादी एकटीच उतारावरून आली आणि सोळा यार्डांवर आडवी उभी राहिली. या वेळी गुडघे हलले नाहीत. बाण कुठे लागला ते मला दिसले. अभ्यासक्रमात सांगितल्याप्रमाणे मी अर्धा तास जागचा हललो नाही आणि त्या अर्ध्या तासात पंडू, दशरथ आणि आई असे तिघेही मचाणावर माझ्याशेजारी बसून होते. मग पाल्यावरचे लाल ठिपके बघत ऐंशी पावले गेलो. ती पडली होती. पाठीवरून हात फिरवला तेव्हा केस अजून ऊबदार होते. शेतकरी आजोबा आले, टोपी काढून क्षणभर उभे राहिले आणि मग बाह्या सरसावून त्यांनी मला पोट कसे उघडायचे ते शिकवले. त्या भागाचे वर्णन मी करत नाही. आमच्या घरीही केले नाही.

नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करायची असते, ती फोनवर झाली. पण आमच्या भागात हरणांना मेंदू पोखरणारा एक रोग आहे. राज्यात तो 2002 साली आमच्याजवळच माउंट होरेबच्या परिसरात प्रथम सापडला. माणसाला तो झाल्याचे दिसलेले नाही, तरी रोगट जनावर खाऊ नये असा सल्ला आहे, कारण त्याचे कारण असलेले प्रथिन शिजवूनही नष्ट होत नाही. म्हणून मुंडके तपासणीच्या पेटीत टाकून निकालाची वाट पाहायची. आईने मांसाच्या पुड्या बर्फात ठेवल्या आणि मोदकांच्या सारणाशी गल्लत होऊ नये म्हणून त्यांवर ठळक मराठीत लिहिले: "मारीच. निकाल लागायचा आहे."

निकाल 4 जानेवारीला लागला. रोग आढळला नाही. मी कचेरीतून धावत फोन केला. पलीकडे क्षणभर शांतता. "आज मार्गशीर्षातला गुरुवार आहे," आई म्हणाली. अख्खा महिना पाळायचा होता, अमावास्या 11 तारखेला होती. बारा तारखेला, शुक्रवारी, तिने कांदा-खोबरे भाजले, तांबडा आणि पांढरा दोन्ही रस्से चढवले, खिडक्या उघडल्या आणि मला विचारले, "त्या शेतकरी आजोबांनाही बोलावलंय मी. तिखटाचा ठसका लागायचा नाही ना त्यांना?"

"काळजी नको," मी म्हणालो, "ते वारा बघून बसतील."