नवखा क्वार्टरबॅक मैदानात कसा ढकलावा

आपण अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक आहात, आपल्याकडे चौथ्या वर्षाचा एक बेताचा क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक डाव सुरू करणारा आणि पास फेकणारा खेळाडू, आहे, आणि भरतीच्या याद्यांमध्ये पाच तारे मिळवलेला, कालपरवापर्यंत हायस्कुलात असलेला अठरा वर्षांचा एक मुलगाही आहे, असे समजू. दोघांपैकी कोणाला उतरवावे हा पेच आपल्याला पडला असेल, तर आमच्या विद्यापीठाने गेल्या शनिवारी तो ज्या कौशल्याने सोडवला ते पाहून सुचलेले काही सल्ले आपल्यापुढे सविनय ठेवतो.

ऑगस्टभर निर्णय जाहीर करू नये. ‘स्पर्धा चुरशीची आहे’ एवढेच म्हणत राहावे, म्हणजे सरावात पहिल्या फळीबरोबरचे स्नॅप (प्रत्यक्ष खेळलेले डाव) दोघांना निम्मे-निम्मे मिळतात आणि दोघेही निम्मेच तयार होतात.

टीका झाली की ट्रेव्हर लॉरेन्सचे नाव घ्यावे. 2018 च्या हंगामात क्लेमसन विद्यापीठाने या नवख्या क्वार्टरबॅकच्या जोरावर अलाबामाला 44-16 असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, हे सर्वांना पाठ आहे. पहिले चार सामने ज्येष्ठ केली ब्रायंटनेच सुरू केले होते, बाजूला बसवल्यावर तो संघ सोडून गेला, पुढच्याच सामन्यात लॉरेन्स जखमी झाला आणि सिरॅक्यूजविरुद्धचा तो सामना चेस ब्राइस नावाच्या राखीव खेळाडूने वाचवला, हा तपशील मात्र सांगू नये. क्लेमसनच्या त्या संघाच्या बचावफळीत पुढे उभे असलेले तिघे पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत पहिल्याच फेरीत निवडले गेले, हेही सांगू नये. 2017 च्या जॉर्जिया विद्यापीठाचा नवखा क्वार्टरबॅक जेक फ्रॉम आठवलाच, तर चेंडू घेऊन धावायला त्याच्या शेजारी निक चब आणि सोनी मिशेल उभे असत याची वाच्यता टाळावी.

आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटात असाल, तर सचिनचा दाखला द्यावा. आमच्या गटात तो दर शनिवारी दिला जातो. कराचीत सोळा वर्षांचा सचिन सहाव्या क्रमांकावर आला होता, संघाच्या प्रत्येक चेंडूला हात लावण्याची सक्ती त्याच्यावर नव्हती, आणि 15 धावांवर त्रिफळा उडाल्यावरही त्याला मालिकेतले चारही सामने खेळवले, हे तिथे कोणी बोलत नाही.

ऑफेन्सिव्ह लाइनकडे, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीकडे, लक्ष देऊ नये.

पहिली संधी शक्यतो परक्या मैदानावर, रात्रीच्या सामन्यात द्यावी, कारण घरच्या मैदानावर दुबळ्या संघापुढे उतरवल्यास मुलाला उगाच आत्मविश्वास येण्याचा धोका असतो. शनिवारी आमच्या मुलासमोर तिसरा डाउन (चार प्रयत्नांपैकी तिसरा) होता, चेंडू राखायला 11 यार्ड हवे होते आणि चेंडू आमच्याच गोलरेषेपासून 12 यार्डांवर होता. डाव सुरू करण्याच्या घड्याळात 15 सेकंद उरले की हेल्मेटमधला प्रशिक्षकांचा आवाज नियमानेच बंद होतो. त्यापुढे समोरचा कोण धावून येणार आणि कोण मागे सरकणार, हे क्वार्टरबॅकने एकट्याने ओळखायचे असते. चेंडू मागवायला त्याने दोनदा टाळी वाजवली, त्या गोंगाटात ती चेंडू मागे देणाऱ्या सेंटरला कळली नाही, पुढच्या फळीतला उजवा टॅकल वेळेआधी हलला आणि पाच यार्डांचा दंड बसला. आता हवे होते 16 यार्ड, आणि बाजूरेषेवरून आज्ञा आली ती लांब पासचीच! समोरच्यांचा लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) धावून येण्याचा आव आणून मागे सरकला होता. मुलाने फेकलेला चेंडू त्याने अलगद झेलला आणि जवळजवळ चालतच गोलरेषेपार नेऊन टचडाउन केले. धावण्याचा एक साधा डाव टाकून पंट मारण्यात, म्हणजे चेंडू लाथेने लांब उडवून देण्यात, कोणती अब्रू जाणार होती? बरे, चूक झाली तर झाली, त्याला खेळू तरी द्यायचे होते. तर तेही नाही. लगेच त्याला बसवून ज्येष्ठाला उतरवले, ज्येष्ठ तीन डाउनांत परत आला, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये 24 गुणांची पिछाडी असताना पुन्हा याच मुलाला पाठवले, म्हणे ‘अनुभव मिळावा’! कसला अनुभव? थकलेल्या लाइनच्या मागे उभे राहून एकामागून एक सॅक खाण्याचा, म्हणजे चेंडू हातात असतानाच आडवे पडण्याचा?

देणगीदारांचे फोन मात्र न चुकता घ्यावेत. मुलगा ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, जाईल या भीतीने त्याला उतरवावे, ज्येष्ठही जाईल या भीतीने त्यालाही अधूनमधून उतरवावे, आणि हंगाम संपल्यावर दोघेही गेले की निष्ठा उरली नाही म्हणून हळहळावे.

सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदेत ‘तो अजून तरुण आहे, शिकतो आहे’ असे मायेने म्हणावे, म्हणजे पराभवाचे खापर कोणाच्या डोक्यावर फुटले ते न सांगताच कळते. आमच्या प्रशिक्षकांनी ते वाक्य तीन वेळा उच्चारले. डाव निवडणाऱ्याविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही, कारण डाव तेच निवडतात.

आता मात्र सल्ले पुरे झाले. प्रशिक्षक महोदय, तो मुलगा तरुण आहे हे तुम्हाला शनिवारी रात्री कळले का? त्याचे वय भरतीच्या अर्जावर लिहिलेले होते. तयार नव्हता तर बसवायचे होते. चार सामन्यांपर्यंत खेळूनही रेडशर्टचे (खेळण्याच्या हक्काच्या वर्षांत न मोजले जाणारे) वर्ष वाया जात नाही, हा नियम 2018 पासून आहे, तो कशासाठी आहे? आणि तयार होता, तर पहिल्या इंटरसेप्शननंतर, म्हणजे पास समोरच्याने झेलल्यावर, त्याच्या डोक्यावरचा हात का काढून घेतलात? तुमची खुर्ची डळमळते आहे म्हणून तुम्ही त्याला पुढे केले आणि ती आणखी डळमळली तेव्हा मागे ओढले, यात त्या मुलाच्या तयारीचा विचार कुठेच नव्हता. आणि प्रेक्षकहो, ऑगस्टमध्ये ‘त्यालाच उतरवा’ म्हणून गळे काढणारे आणि शनिवारी मध्यरात्री समाजमाध्यमावरच्या त्याच्या खात्यावर जाऊन शिव्या लिहिणारे तुम्हीच होता. लाज वाटू द्या, तो तुमच्या पोरांच्या वयाचा आहे. येत्या शनिवारी पहिल्या स्नॅपपासून शेवटच्या स्नॅपपर्यंत त्यालाच ठेवा, पास छोटे द्या, चेंडू धावणाऱ्यांच्या हाती जास्त द्या, आणि हरलात तर पत्रकारांसमोर त्याला बसवू नका, स्वतः जाऊन बसा.