सहा इंची चाकूचा फॉरवर्ड आणि कलम ३७

‘भारतात सहा इंचांपर्यंतच्या पात्याचा चाकू कोणीही, कुठेही, परवान्याशिवाय बाळगू शकतो. ऑनलाइन उघड विकतात, म्हणजे कायदेशीरच. पोलिसांनी अडवलं तर हा मेसेज दाखवा.’ अशा अर्थाचा मजकूर ट्रेकिंगच्या ग्रुपांवर सतत फिरत असतो. त्यातलं थोडं खरं आहे, पण ज्या भागावर लोक विसंबतात तो नेमका खोटा आहे.

आधी ते सहा इंच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात हा आकडा नाही. त्याखालच्या नियमांच्या परिशिष्टात आहेत ते नऊ इंच. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल आणि चाकू घरकाम, शेती, विज्ञान वा उद्योगासाठी बनवलेला नसेल, तर तो शस्त्रांच्या यादीत जातो. सहा इंच आले कुठून? माझा अंदाज असा की मार्च २०२२ मध्ये देशांतर्गत विमानात शीख प्रवाशांना सहा इंचांपर्यंत पातं असलेलं कृपाण नेण्याची मुभा मिळाली, तिथून. ती मुभा कृपाणापुरती. तुमचा घडीचा चाकू केबिन बॅगेत निघाला तर विमानतळावरच राहील.

‘परवान्याशिवाय’ हे बऱ्याच अंशी बरोबर. पेरू कापायच्या चाकूला परवाना कोणी मागत नाही. पात्याच्या शस्त्रांना परवाना लागतो तो कलम ४ खाली, तोही केंद्राने त्या भागासाठी तशी अधिसूचना काढली असेल तरच. पण दिल्लीत बटणाच्या, खटक्याच्या चाकूंबाबत १९८० ची अधिसूचना आहे आणि तिथली मर्यादा ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच! अशाच एका बटणदार चाकूचं प्रकरण २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, कारण ती अधिसूचना असा चाकू विक्रीसाठी वगैरे बाळगण्याबद्दल आहे आणि तसा आरोपच आरोपपत्रात नव्हता. आरोपी सुटला खरा, पण त्यासाठी त्याला सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं.

आता ‘कुठेही’. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने राज्याचा कायदा उघडलेलाच नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(१): शांतता राखण्यासाठी पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक काळ शस्त्रं, तलवारी, भाले, चाकू, काठ्या, इतकंच काय, इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरायला मनाई करू शकतात. इथे इंचांचा प्रश्नच येत नाही. सण, निवडणुका, मोर्चे आले की असे आदेश निघतात. बरेचदा पंधरा दिवसांचे असतात, मुदत संपली की नवा येतो. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली ती बातमी आपण वाचतही नाही. मोडल्यास कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद, आणि न्यायालयाने वेगळी कारणं नोंदवली नाहीत तर किमान चार महिने.

पुण्यातल्या कोयत्यांच्या बातम्यांत हीच कलमं दिसतात: शस्त्र कायदा ४, २५ आणि सोबत ३७(१), १३५. कोयता तर उघडउघड शेतीचं अवजार, आणि निव्वळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्र कायद्याच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणून ऊसतोड कामगार फडावर जाताना कोयता नेतो त्यात गैर काही नाही. तोच कोयता शर्टाखाली खोचून रात्री चौकात उभं राहिलात, तर शस्त्र कायद्याखाली वकील वाद घालू शकेल, पण मनाई आदेश लागू असेल तर ३७ समोर ‘शेतीचं अवजार आहे’ एवढ्याने भागणार नाही. शिवाय सूर्यास्त ते सूर्योदय गुन्ह्याच्या इराद्याने घातक हत्यार घेऊन सापडणं, याला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचंच कलम १२२ वेगळं आहे.

ऑनलाइन विक्रीचा मुद्दा तर बोलण्यासारखाही नाही. दुकानदाराने विकला म्हणून तुम्हाला तो मिरवणुकीत न्यायची परवानगी मिळत नाही.

ट्रेकला जाणाऱ्यांनी चाकू सॅकच्या तळाशी, भांड्यांबरोबर ठेवावा. निघण्यापूर्वी त्या जिल्ह्यात मनाई आदेश चालू आहे का, हे पोलीस ठाण्यात फोन करून विचारावं. आणि अडवलंच, तर हवालदाराला मेसेज दाखवत बसू नये. कुठे चाललोय आणि चाकू कशाला घेतलाय, ते सरळ सांगावं.