डाळीच्या पाण्यावर बाळ वाढत नाही

सोलापुरातल्या आयांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘सहाव्या महिन्यात फक्त डाळीचं वरचं पाणी आणि मधाचं बोट, ज्वारी दात आल्यावर, शेंगदाणा दोन वर्षांनंतर.’ यातला सहावा महिना तेवढा बरोबर, तोही पूर्ण झाल्यावर.

वरच्या पाण्यात डाळ असते कुठे? बाळाचं इवलंसं पोट पाण्यानंच भरतं. खालची डाळ मऊ भातात घोटा, वर थोडं तूप. चमचा तिरपा केला तरी घास ओघळता कामा नये, इतकं दाट. सुरुवातीला दिवसातून दोनदा, दोन-तीन चमचे पुरे. अंगावरचं दूध चालूच.

ज्वारीला दात लागत नाहीत. मालदांडी ज्वारीचं पीठ भाजून मऊसर शिजवलं की बाळ चाटून खातं. अख्खा शेंगदाणा नको, घशात अडकतो. बारीक कूट खिरीत चालतं. (अंगावर जास्त इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) शेंगाचटणी मात्र नाही, आजीनं कितीही लाडानं बोटावर घेतली तरी. तिखट-मीठ आहे त्यात.

मध वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोटुलिझम (स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार) होऊ शकतो, आणि ते उकळूनही मरत नाहीत.