१९६६ च्या फेंडर डिलक्स रिव्हर्ब या गिटार अ‍ॅम्पबद्दलच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

रिव्ह्यूत एक तारा देऊन तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात. मास्टर व्हॉल्यूम (पूर्ण अ‍ॅम्पचा आवाज एकाच ठिकाणी कमी-जास्त करणारा कंट्रोल) बसवायला आम्ही नकार दिला, न विचारता जुने पार्ट बदलले, आणि परत मिळालेल्या अ‍ॅम्पचा आवाज ‘आखडलेला’ वाटतो. पार्ट बदलण्याआधी फोन करायला हवा होता. तो केला नाही, ही माझी चूक. मनापासून माफी मागतो.

ते का बदलले, हे मात्र सांगायला हवं. अ‍ॅम्पला मूळची दोन पिनांची वायर होती, अर्थिंग नव्हतं. मेन्स आणि चॅसिस (आतला पत्र्याचा सांगाडा) यांच्यामध्ये, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे, ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर होता. तो शॉर्ट झाला की चॅसिसमध्ये करंट उतरतो, तिथून गिटारच्या तारांत येतो, आणि तुमचे ओठ माइकला टेकले की तुमच्या अंगातून जातो. दुरुस्ती करणारे त्याला ‘डेथ कॅप’ म्हणतात. तो तसाच ठेवून अ‍ॅम्प कुणाच्या हातात देणं मला जमणार नाही, मालकाने कितीही आग्रह केला तरी.

दुसरे बदलले ते फिल्टर कपॅसिटर, म्हणजे आतलं डीसी व्होल्टेज स्थिर ठेवणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकत जातो, अ‍ॅम्प वाजवा किंवा नुसता ठेवून द्या. तुमच्याकडच्या दोन कपॅसिटरची टोकं फुगली होती, एकातून पांढरट खार बाहेर येऊन पत्र्यावर जमला होता. तो शॉर्ट झाला असता तर पॉवर ट्रान्सफॉर्मरही जळू शकला असता. आवाजातला फरकही इथूनच आला. सुकलेल्या कपॅसिटरमुळे जोरात वाजवलं की व्होल्टेज खाली बसायचं आणि बेस सैल पडायचा. त्या सैलपणाची कानाला सवय झालेली असते, त्यामुळे नवा घट्ट बेस खटकतो, हे मला पटतं. निळे कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्यात सिग्नल सोडणारे, पण डीसी अडवणारे) एकेक करून तपासले. एकही डीसी सोडत नव्हता, म्हणून ते तसेच ठेवले. स्पीकरला आणि ट्रान्सफॉर्मरना हातही लावलेला नाही.

आता मास्टर व्हॉल्यूम. सर्किट बदलायला माझा विरोध नाही. रँडल स्मिथ यांनी फेंडरच्या छोट्या प्रिन्स्टनची ताकद वाढवली, त्यातूनच मेसा बूगी ही कंपनी उभी राहिली. पण तेव्हा प्रिन्स्टन बाजारात सहज मिळायचा, एक वाया गेला तर दुसरा आणता यायचा. १९६६ चे डिलक्स रिव्हर्ब आहेत तेवढेच. बदललेलं वायरिंग सोल्डर काढून पूर्ववत करता येतं, फेसप्लेटला पाडलेलं भोक बुजत नाही. माझ्याकडे असा एक अ‍ॅम्प आला होता. पुढच्या पट्टीवर तीन भोकं, आतलं वायरिंग कधीच काढून टाकलेलं, भोकांवर रबरी बुचं. मालक विचारत होते, हे पहिल्यासारखं होईल का? मला नाही म्हणावं लागलं.

तुमच्या अ‍ॅम्पसाठी एक वाट आहे, ती मी तेव्हाच सांगायला हवी होती. मागच्या पट्टीवरचा ग्राउंड स्विच त्या डेथ कॅपसाठीच होता, आता त्याला काही काम उरलेलं नाही. त्याच्याच भोकात वॉशर लावून पोटेन्शिओमीटर (फिरवायचा कंट्रोल) बसवता येतो, म्हणजे फेज इन्व्हर्टर या टप्प्यानंतरचा, पॉवर ट्यूबच्या आधीचा मास्टर व्हॉल्यूम नवं भोक न पाडता मिळेल. एवढं लक्षात असू द्या, की कमी आवाजात सुरुवातीचा टप्पा, म्हणजे प्रीअ‍ॅम्प डिस्टॉर्ट होईल, पण दोन्ही ६व्ही६ पॉवर ट्यूब आणि स्पीकर ताणले गेल्यावर जो आवाज येतो तो असा मिळणार नाही. आधी तुम्ही ऐका, मग ठरवा.

काढलेले सगळे पार्ट चिठ्ठी लावून एका पिशवीत अ‍ॅम्पच्या तळाशी ठेवले आहेत. टाकू नका. ग्राउंड स्विचही त्यातच जाईल. अ‍ॅम्प घेऊन या, या कामाची मजुरी मी घेणार नाही. चॅसिस उघडीन तेव्हा तुम्ही शेजारी बसा, आणि तुम्ही हो म्हणाल त्याच जागी सोल्डरिंग गन लागेल.