जीन्सशेजारचं लुगडं का फाटलं: गोधडीच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई. सासूबाईंची लुगडी, शर्ट आणि जीन्स देऊन तुम्ही आमच्या जळगावच्या दुकानातून गोधडी शिवून घेतलीत. दुसऱ्याच धुण्यात लुगड्याचे तुकडे शिवणीलगत फाटले, सगळीकडे चुण्या पडल्या, आणि फोनवर तुम्हाला ‘मशीनमध्ये धुतली म्हणून’ असं सांगितलं गेलं. ते उत्तर चुकीचं होतं. दोष आमच्या शिवणीचा आहे.

तुमच्या फोटोत दोरा शाबूत आहे, कापड मात्र सुईच्या भोकांच्या रेषेत तुटलंय. जीन्सचं कापड चौरस मीटरला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, विरलेलं लुगडं शंभराच्याही आत. ओली जीन्स पाणी धरून जड होते आणि गोधडी दोरीवर टाकली की तिचा भार शेजारच्या लुगड्यावर येतो. हे दोन तुकडे एकमेकांना लागून यायलाच नको होते, मध्ये शर्टाचं पॉपलीन, म्हणजे मधल्या जाडीचं सुती कापड, हवं होतं. लुगड्याच्या प्रत्येक तुकड्याखाली त्याच मापाचं धुतलेलं मलमल ठेवून दोन्ही एकत्रच शिवायला हवे होते. शिवणीबाहेर सोडलेलं पाव इंच कापड, म्हणजे मार्जिन, तेही कमी पडलं. विरलेल्या कापडाला अर्धा इंच लागतं, आणि ते इस्त्रीने लुगड्याच्या बाजूला वळवायचं, म्हणजे जीन्सची जाड घडी होत नाही.

जीन्समधून हातसुई जाईना म्हणून धावदोऱ्याच्या ओळी दोन-दोन इंचांवर घेतल्या गेल्या, हे त्याहून वाईट. आपल्याकडच्या जुन्या गोधड्या विरलेल्या लुगड्यांच्याच, तरी टिकतात, कारण बोटबोट अंतरावरचा धावदोरा ओढ सगळ्या थरांत वाटून देतो.

चुण्यांचं कारण वेगळं. वरचे कपडे तुमच्या घरी वर्षानुवर्षं धुतलेले, ते आता आटत नाहीत. अस्तराचं मांजरपाट आम्ही कोरंच लावलं. खळ निघाली की ते मीटरमागे चार-पाच सेंटिमीटर सहज आटतं आणि वरचं कापड गोळा होतं.

गोधडी घेऊन या, पैसे लागणार नाहीत. अस्तर उसवून धुतलेलं लावू, जीन्सचे तुकडे काढून कडेच्या पट्टीत घेऊ, लुगड्याला मलमल देऊ. तोवर फाटलेल्या कडा ओढून टाचू नका, शेजारचं कापडही फाटेल. धुऊही नका. आणि सासूबाईंच्या लुगड्याची एखादी चिंधी उरली असेल तर सोबत आणा, फाटलेल्या जागी तीच लावता येईल.