अमाना पाहायला जाताना घ्यावयाची काळजी

शिकागोहून इंटरस्टेट ८० धरून पश्चिमेकडे निघाले, की आयोवा सिटी मागे पडल्यावर थोड्याच वेळात आयोवा राज्यातील अमाना कॉलनीज या, एका जर्मन धर्मपंथाने वसवलेल्या गावांकडे वळणारा फाटा लागतो. गाडी वळवण्यापूर्वीच तेथील माणसे आमिश, म्हणजे घोडागाडीतून फिरणारी आणि विजेला दूर ठेवणारी ख्रिस्ती पंथाची आहेत, असे मनाशी पक्के ठरवून ठेवावे. वास्तविक आमिशांशी त्यांचे काही नाते नाही. ईश्वर आजही निवडक माणसांच्या मुखातून बोलतो, अशी श्रद्धा असलेला त्यांचा पंथ १७१४ मध्ये ग्रूबर आणि रॉक या दोघांनी जर्मनीत स्थापन केला. पुढे छळाला आणि जमिनीच्या वाढत्या खंडाला कंटाळून हे लोक १८४० च्या दशकात अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बफेलोजवळ आले आणि १८५५ पासून आयोवात सात गावे वसवून, सारी मालमत्ता सामायिक ठेवून राहिले. परंतु एवढे लक्षात ठेवल्यास घोडागाडीची आशा सोडावी लागते, आणि सुटीच्या दिवशी तेवढा त्याग कोणी करावा? तेव्हा पहिल्याच दुकानात शिरून, "तुमच्याकडे वीज केव्हा आली?" असे सहानुभूतीने विचारावे. ज्या गावाचे नाव अमेरिकेतील असंख्य फ्रीजच्या दारांवर झळकले, त्या गावातला दुकानदार या प्रश्नालाही सौजन्याने उत्तर देतो. त्याला सवय आहे.

चर्च पाहण्याची घाई करू नये. त्याला शिखर नाही, रंगीत काचा नाहीत, आत साधी लाकडी बाके आणि पुरुषांसाठी एक व स्त्रियांसाठी दुसरे असे दोन दरवाजे. फोटोत काहीच येत नाही. येथे पूर्वी आठवड्याला अकरा वेळा उपासना होत असे, हे वाचून "बाप रे" म्हणावे आणि जेवायला निघावे, कारण सर्व पाहुणे येतात ते मुळात त्यासाठीच.

जेवणाच्या बाबतीत मात्र थोडी तयारी हवी. एके काळी या गावांत पन्नासहून अधिक सामुदायिक स्वयंपाकघरे होती आणि एकेका स्वयंपाकघरात तीस-चाळीस माणसांची पंगत बसे. पुरुष एका टेबलावर, बायका दुसऱ्या, मुले तिसऱ्या. आधी प्रार्थना, नंतर प्रार्थना, आणि मधल्या वेळात गप्पा वर्ज्य. मिडल अमानातील असे एक स्वयंपाकघर विटांच्या लांबलचक चुलीसकट जपून ठेवले आहे. तेथे उभे राहून, पहाटे उठून चाळीस जणांचे रांधणाऱ्या बायकांविषयी दोन मिनिटे हळहळावे, म्हणजे भूक चांगली लागते. मग उपाहारगृहात गाठावे ते 'फॅमिली स्टाइल' जेवण, म्हणजे श्निट्झेल या पाव-चुऱ्यात तळलेल्या मांसाच्या कापासोबत आंबवलेल्या कोबीची आणि बटाट्यांची भांडी टेबलाच्या मधोमध येतात, रिकामी झाली की पुन्हा भरून येतात, आणि साधेपणाचा हा अनुभव घेऊन झाल्यावर पट्टा सैल करावा लागतो. वर रुबार्ब या आंबट देठांच्या भाजीची वाइन घ्यावी. शाकाहारी मंडळींनी बटाट्यांवर श्रद्धा ठेवावी.

खरेदीत हात आखडता घेऊ नये. सामुदायिक काळात प्रत्येकाला गावच्या दुकानात वर्षाकाठी ठरावीक रकमेचे खाते मिळे आणि त्यातच कापडचोपड भागवावे लागे. आपल्यावर असे कोणतेही बंधन नसल्याने गिरणीतले लोकरीचे ब्लँकेट, सुताराने हाताने घडवलेले घड्याळ आणि कशासाठी घेतली ते घरी पोहोचेपर्यंत आठवणार नाही अशी नाताळची झुंबरे, सारे एकाच फेरीत घ्यावे.

एका गोष्टीचा विचार मात्र कटाक्षाने टाळावा. १९२३ मध्ये आगीत गिरणी जळाली, पुढे मंदी आली, तरुण मुले कुरकुरू लागली आणि बरीच कुटुंबे स्वयंपाकघरातले अन्न डब्यात भरून घरी नेऊन खाऊ लागली. अखेर १९३२ मध्ये याच लोकांनी मतदान करून सामुदायिक जीवन मोडीत काढले. मालमत्ता भागधारकांच्या कंपनीकडे गेली आणि धर्म वेगळ्या संस्थेकडे. दोनच वर्षांनी येथे शीतपेट्यांचा उद्योग सुरू झाला आणि १९६७ मध्ये अमाना कंपनीने घरच्या ओट्यावर मावणारा मायक्रोवेव्ह बाजारात आणला. चाळीस जणांनी एकत्र जेवण्याचा नियम पाळणाऱ्या गावाने जगाला दिले ते यंत्र असे, की ज्याच्यामुळे घरातल्या चौघांना चार वेगवेगळ्या वेळी आपापली ताटली गरम करून घेता येते. हे ध्यानात आले, की श्निट्झेल उगाचच घशाखाली उतरत नाही.

दफनभूमीतही फार रेंगाळू नये. सगळे दगड एकसारखे, ओळी मृत्यूच्या क्रमाने लावलेल्या, त्यामुळे नवराबायकोही शेजारी सापडतील अशी खात्री नाही. कोणाची समाधी मोठी, कोणाची संगमरवरी, असले काहीच बोलता येत नाही.

त्याऐवजी जेवणाच्या टेबलावरच गप्पा रंगवाव्यात. भारतातून आलेल्या आईवडिलांना हे सारे पाहून एकत्र कुटुंबपद्धतीची आठवण हमखास होते, आणि सोबतचे एखादे काका "माणसे कशी धरून राहिली पाहिजेत" यावर बोलू लागतात. त्यांना मध्येच तोडू नये. सर्वांनी माना डोलवाव्यात, हे सगळे मोडायला नको होते यावर एकमत करावे, आणि वाढणारी मुलगी शेवटची ताटे उचलायला आली, की तिला हळूच सांगावे की तिन्ही कुटुंबांची बिले वेगवेगळी आण.