सनबोर्डचा चेक रिक्षात कसा बसवावा

आडवा बसत नाही. उभा धरला तर टपाला लागतो. तिरका करून एक टोक ड्रायव्हरच्या मानेमागे आणि दुसरं बाहेर काढलं, की ठाण्याच्या राम मारुती रोडवरचे स्कूटरवाले तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. तेव्हा तरुणांसाठी काम करणाऱ्या संस्थेत 'हेड, फंडरेझिंग अँड पार्टनरशिप्स' म्हणून रुजू झालात की सगळ्यात आधी बॅगेत सुतळी ठेवा. सनबोर्डच्या हलक्या फळीवर छापलेला, देणगीचा सहा फूट बाय तीन फुटांचा दिखाऊ चेक गडकरी रंगायतनच्या स्टेजवर स्वीकारायला दोन मिनिटं लागतात, ऑफिसात न्यायला पाऊण तास. माझ्या पहिल्या चेकच्या वेळी रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं होतं, "साहेब, हा वटतो का?" मी हसलो. पुढे तीन महिने पहिला हप्ता येईना, तेव्हा वाटलं, या माणसाला आपल्या सल्लागार मंडळावर घ्यायला हवं होतं.

चेकवरचा आकडा फार मनावर घेऊ नका. तो तीन वर्षांचा मिळून असतो, आणि 'अटी पूर्ण झाल्यास' असतो. सनबोर्डवर अटी मावत नाहीत.

घरी पदाचं नाव समजावून सांगायच्या फंदातही पडू नका. माझ्या आईने शेजारी सांगून टाकलं, "तो वर्गणी गोळा करतो, पण गणपतीची नाही." इतकं अचूक वर्णन मला नेमणूकपत्रातही मिळालं नव्हतं.

थोडा कायदा मात्र पाठ हवा. कंपनी कायदा 2013, कलम 135. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटींच्या घरात गेला, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. यालाच सीएसआर म्हणतात. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू आहे. भाबड्या माणसाला वाटतं, आता पैसा आपल्या पायाने चालत येणार. येतो की! फक्त अकरा महिने तो कुठल्यातरी कमिटीपुढे बसून असतो आणि 26 मार्चला एकदम पळत सुटतो.

पावसाळा तोंडावर आला की महापालिकेला जशी नाल्यांची आठवण होते, तशी मार्चअखेरीला कंपन्यांना तुमची होते. फोन येतो, "31 च्या आत किती घेऊ शकाल?" यात प्रेम शोधू नका. 2021 पासून न खर्चलेला पैसा कंपनीला नुसता पडू देता येत नाही. चालू प्रकल्पाचा असेल तर 30 दिवसांत वेगळ्या खात्यात, नसेल तर सहा महिन्यांत सरकारने नेमून दिलेल्या निधीत तो भरावा लागतो. तुंबलेलं पाणी वाहून न्यायला कुणीतरी लागतं, ते तुम्ही. पाच दिवसांत शिक्षक नेमता येत नाही, म्हणून बॅगा घ्या. आमच्या नवी मुंबईतल्या दिघ्याच्या केंद्रावर एका मार्चमध्ये चारशे दप्तरं आली, प्रत्येकावर कार्टून. आमची मुलं 18 ते 25 वयाची. त्यातला एक जण अजूनही ते दप्तर पाठीला लावून महाप्याच्या गोदामात कामाला जातो. दणकट आहे म्हणतो. (हे वाक्य आम्ही अहवालात घेतलं: 'दीर्घकालीन परिणाम'.)

वयाचंच निघालं म्हणून सांगतो. 2014 च्या राष्ट्रीय युवा धोरणानुसार तरुण म्हणजे 15 ते 29. हे सरकारपुरतं. तुमच्याकडे तरुण म्हणजे समोरच्या कंपनीच्या फॉर्ममध्ये जो बसेल तो.

आता मुख्य गोष्ट. 'पगार' हा शब्द विसरा. प्रस्तावात तो दिसला की समोरच्याचा चेहरा ताटात केस सापडल्यासारखा होतो. आमच्या केंद्रात एक ताई आहेत. कळव्याहून येतात, हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली शिकवतात, इंग्रजी बोलून घेतात, मुलाखतीला जाताना चपला की बूट हे सांगतात, आणि चार दिवस न आलेल्या पोराच्या घरी डोंगराकडेच्या वस्तीत चढून जातात. बॅनर, बॅगा, टी-शर्ट, पाण्याच्या बाटल्या हे सगळं काढून घेतलं तर केंद्र चालू राहील. ताई काढल्या तर कुलूप लागेल. म्हणूनच त्यांच्यासाठी पैसे मागायचे नसतात. त्यांना आधी 'मेंटर एंगेजमेंट' करा. खोलीचं भाडं हे 'लर्निंग स्पेस' आणि पंख्याची दुरुस्ती, 280 रुपये, हे 'उष्णतेशी जुळवून घेण्याची क्षमतावाढ'. हसू नका. यातलं शेवटचं मंजूर झालं होतं.

तरी कुणीतरी विचारेलच, "तुमचे ओव्हरहेड्स, म्हणजे कारभाराचा खर्च, 5 टक्क्यांच्या आत आहेत ना? कायदाच आहे तसा." कायदा तसा नाही. 5 टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर करायच्या खर्चाला. प्रत्यक्ष प्रकल्प राबवायचा, त्यावर देखरेख ठेवायची, तो खर्च त्यात धरतच नाहीत. ताईंचा पगार म्हणजे प्रकल्प राबवणं नाही तर काय? हे मी एकदा महाप्याच्या एका काचेच्या इमारतीत, नियम छापून नेऊन, बोट ठेवून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने वहीत लिहूनही घेतलं. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरी संस्था निवडली. पत्ते खेळणाऱ्यांना हे ठाऊक असतं: हुकूम हातात असला म्हणून तो पार्टनरच्याच पानावर मारायचा नसतो.

बैठकीला जाताना तासभर आधी निघा. गेटवर लॅपटॉपचा नंबर लिहून घेतात, फोटो काढतात, गळ्यात 'व्हिजिटर' अडकवतात. खिडकीतून ठाणे-बेलापूर रस्ता दिसतो, त्यापलीकडे पारसिकचा डोंगर, पायथ्याला पत्र्यांची रांग. तुमची मुलं तिथे राहतात, हे बोटाने दाखवता येतं. दाखवू नका. त्यांना नकाशावर दाखवलेलं जास्त पटतं.

उद्घाटनाशिवाय काम पूर्ण होत नाही, हेही याच भागाने मला शिकवलं. दिघा गावचं रेल्वे स्टेशन बांधून तयार झालं, तरी कित्येक महिने गाड्या तिथे न थांबता पुढे जात होत्या. अखेर 12 जानेवारी 2024 ला ते सुरू झालं, म्हणजे नेमकं राष्ट्रीय युवा दिनी! आमची युवा मंडळी तोवर ऐरोलीला उतरून मागे येत होती. तेव्हा नवा वर्ग सुरू करायचा असेल तर तो गुपचूप सुरू करा, महिनाभर चालवा, मग बंद ठेवून पाहुण्यांच्या हस्ते सुरू करा.

संस्थेकडे रंगवण्याजोगी एक तरी भिंत असलीच पाहिजे. नसेल तर शेजाऱ्याची मागून घ्या. कंपनीचा 'व्हॉलंटिअरिंग डे' असतो तेव्हा साठ माणसं बस भरून, एकसारखे टी-शर्ट घालून येतात, आणि साठ माणसांना दोन तास पुरेल असं काम जगात भिंतीखेरीज दुसरं नाही. आमच्या भिंतीवर आधी फुलपाखरू होतं. पुढच्या कंपनीने त्याचा मोर केला. तिसरीला स्वतःचा निळा रंग हवा होता, त्यामुळे मोर पाण्यात बुडाला आणि वर डॉल्फिन आला. ऐरोलीच्या खाडीत आमच्या पोरांनी फ्लेमिंगो पाहिलेत, डॉल्फिन कधी नाही, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आमच्याच बॅचमधला एक मुलगा रोजंदारीवर रंगकाम करतो. त्या दिवशी तो कामावर खाडा करून आला आणि साठ इंजिनिअरांना ब्रश कसा धरायचा, प्रायमर आधी का मारायचा, हे दाखवत फिरला. अहवालात तो 'लाभार्थी' आहे.

लोगोबद्दल एक सूचना. मालाच्या जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजकत्व नियमाने सीएसआरमध्ये बसत नाही. म्हणून लोगोला लोगो म्हणायचं नाही, 'कृतज्ञता' म्हणायचं. आमच्या दारावरची कृतज्ञता दहा फूट बाय चार फूट आहे. खोलीचं दार तीन फूट.

वस्तुरूप मदतीला नाही म्हणू नका. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, या म्हणीचा अर्थ मला चाळीस जुने मॉनिटर आले त्या दिवशी कळला. मॉनिटर होते, सीपीयू नव्हते. सीपीयू 'दुसऱ्या टप्प्यात' होते. दुसरा टप्पा आला नाही, मॉनिटर ठेवायला बाकं बाहेर काढली, आणि दोन आठवडे मुलं जिन्यात बसून डेबिट-क्रेडिट शिकली. त्या जिन्याचा फोटो मात्र फार चालला.

आणि केस स्टडी. त्यासाठी एक मुलगी राखून ठेवा, चांगलं बोलणारी. आमच्या मुलीची गोष्ट आम्ही 'घरची आर्थिक ओढाताण' इथवर लिहिली होती. पाच प्रस्ताव आणि एका व्हिडिओतून फिरून ती परत आली तेव्हा तिचे वडील दारुडे झाले होते. ती मोबाईल घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "दादा, माझे पप्पा पीत नाहीत. ते शुगरमुळे चहासुद्धा बिनसाखरेचा घेतात." मी सॉरी म्हणालो. व्हिडिओ अजून आहे, त्याला चांगले व्ह्यूज आहेत. तिला पुढे ठाण्याच्या एका मॉलमध्ये नोकरी लागली, ऑफर लेटर हातात धरून फोटो झाला, आमचा आकडा एकाने वाढला. इथे थांबायचं असतं. चौथ्या महिन्यात फोन करायचा नसतो. मी केला. रात्री साडेदहाला सुटल्यावर स्टेशनपासून वस्तीपर्यंत शेअर रिक्षा मिळायची नाही, म्हणून तिने नोकरी सोडली होती. या उत्तरासाठी आमच्या एक्सेलमध्ये रकाना नाही. रिक्षाचे महिन्याचे पैसे कुणी देईल का, असं मी एका पार्टनरला विचारलं. ते म्हणाले, "रिक्षात टिकाऊपणा नाही. ॲप करता येईल का?"

शेवटी, सगळ्यात धोकादायक देणगीदारापासून सावध करतो. तो नौपाड्यात, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, रेल्वेतून निवृत्त झालेला असतो आणि दर जूनमध्ये स्वतः पैसे घेऊन येतो. आमचे काका 2100 रुपये रोख आणतात. मी त्यांना सांगितलं, "काका, 2000 च्या वर रोख दिलं तर 80जीची आयकर सवलत मिळत नाही. चेक द्या." ते म्हणाले, "मी नव्या करपद्धतीत गेलोय, तिथे 80जी चालतच नाही. तू साधी पावती फाड." अशा माणसाला आपण काय देऊ शकतो? ना सवलत, ना लोगो, ना भिंत.

बरं, ते पैसे देऊन गप्प जात नाहीत. गेल्या जूनमध्ये म्हणाले, केंद्र बघायचंय. आमची खोली एकच आहे आणि वर्ग दोन चालतात, त्यामुळे ताईंनी मधे आडोसा केलाय, तीन सनबोर्डचे चेक सुतळीने बांधून. कोऱ्या बाजू टॅलीच्या वर्गाकडे, त्यावर कागद चिकटवून ताई शिकवतात. आकड्यांच्या बाजू इंग्रजीच्या वर्गाकडे. काका नेमके इंग्रजीच्या बाजूने आत आले. चष्मा पुसून त्यांनी तिन्ही चेक सावकाश वाचले, अक्षरी रक्कमसुद्धा. मग तोंडाने बेरीज केली. रेल्वेच्या लेखा विभागात होते, चुकणं शक्य नव्हतं. पलीकडे जाऊन ताईंशी पाच मिनिटं बोलून आले आणि मला विचारलं, "इतके पैसे आले, मग बाईंचे दोन महिने का थकलेत?"

मी लॅपटॉप उघडून त्यांना दोन प्रकल्पांमधला खंड, खर्चाची शीर्षं, कोणता पैसा कशाला वापरता येत नाही, हे सगळं दाखवलं. स्लाइड चांगली आहे, तिच्यात बाण आहेत. त्यांनी शेवटपर्यंत पाहिली. "बरं," म्हणाले, आणि 2100 रुपये टेबलावर ठेवून म्हणाले, "हे बाईंच्या पगारात घाल."

आमच्या देणगीच्या सॉफ्टवेअरमध्ये सहा पर्याय येतात. त्यात पर्यावरण आहे, डिजिटल साक्षरता आहे, 'दिवाळी आनंद' आहे. पगार नाही. मी 'इतर' निवडलं. पुढच्या पानावर सॉफ्टवेअर देणगीदाराचा फोटो मागतं. मी मोबाईल वर केला तेव्हा काका हात हलवून "नको रे" म्हणाले आणि जिना उतरायला लागले. त्यामुळे ती नोंद अजून अपूर्ण दाखवतेय, लाल रंगात.